लेव्हलिंग किटनंतरची 'टक': नट आवळून ती जात नाही, कारण ती नटात नसतेच

पिकअपला पुढून लेव्हलिंग किट बसवलं की पहिले दोन-चार दिवस मजेत जातात. गाडीचं नाक वर आलेलं असतं, मोठे टायर बसतील अशी जागा दिसू लागते. मग एखाद्या गतिरोधकावरून उतरताना पुढून 'टक्' असा आवाज येतो. आपण जॅक लावतो, हाताला येतील ते सगळे नट पुन्हा आवळतो. आवाज गेल्यासारखा वाटतो आणि आठवड्याभरात परत येतो.

हे चक्र मी माझ्या गाडीवर तीनदा फिरवलं. तिसऱ्या वेळी तर दोन्ही बाजूंचे लिंक रॉडही (अँटी-रोल बारला चाकाच्या बाजूशी जोडणाऱ्या छोट्या दांड्या) नवे टाकले. जुने चांगले होते, हे काढल्यावर कळलं. रोग हल्याला आणि औषध पखालीला, दुसरं काय.

तुमच्या गाडीत हेच चालू असेल तर पुढच्या वेळी पान्याआधी मोजपट्टी काढा. तिच्यानं काय मोजायचं ते सांगतो, पण त्याआधी किट नक्की काय करतं ते पाहू, नाहीतर आकडे हातात येऊनही उलगडणार नाहीत.

उंची येते कुठून

पिकअप कारखान्यातूनच पुढे झुकलेली येते. मागची बाजू पुढच्यापेक्षा साधारण 25 ते 75 मिमी उंच असते, कारण हौद्यात माल पडला की मागचे पाटे बसतात आणि गाडी सपाट होते. लेव्हलिंग किट मागचं काही कमी करत नाही, फक्त पुढचं वर उचलतं.

आजच्या बहुतेक पिकअपमध्ये पुढे चाकाला शासीशी जोडणारे वर-खाली दोन आर्म आणि मध्ये कॉइल स्प्रिंग गुंडाळलेला शॉकअप असतो. शॉकअपचं खालचं टोक खालच्या आर्मच्या साधारण मध्यावर धरलेलं असतं, चाक मात्र आर्मच्या टोकाला. त्यामुळे शॉकअपपाशी 1 मिमी वाढला तर चाकापाशी सुमारे 1.8 ते 2 मिमी वाढतो. 25 मिमी जाडीचा स्पेसर, म्हणजे मध्ये घालायची जाड चकती, गाडी 45 ते 50 मिमी उचलतो तो यामुळे. हे माहीत नसलेला माणूस 'मला दोन इंच हवेत' म्हणून दोन इंच जाडीचा स्पेसर शोधतो आणि गाडी जवळजवळ चार इंच उचलून बसतो. खरेदी करताना खोक्यावरचा आकडा स्पेसरच्या जाडीचा आहे की गाडीच्या उंचीचा, एवढा एक प्रश्न विचारला तरी पुढचा अर्धा त्रास वाचतो.

आता मुद्द्याची गोष्ट. गाडी उभी असताना चाक तिथून वरही जाऊ शकतं आणि खालीही लोंबू शकतं. खाली लोंबायची जी जागा असते तिला ड्रूप म्हणतात. खड्ड्यात चाक पडतं, गतिरोधक ओलांडल्यावर चाक खाली सुटतं, तेव्हा ही जागा कामाला येते. लेव्हलिंग किट ही उंची कुठून आणतं? एक तर या ड्रूपमधून, नाहीतर सांध्यांच्या कोनातून. तिसरं खातंच नाही.

शॉकअपच्या टोपीवर बसणारा स्पेसर घ्या. टोपी आणि शासी यांच्यामध्ये तो बसतो, स्प्रिंगला हात लागत नाही. अख्खा शॉकअप खाली सरकतो. उभ्या गाडीपासून मोजला तर ड्रूप पूर्वीइतकाच राहतो, पण चाक पूर्ण लोंबलं की ते कारखान्याने ठरवलेल्या मर्यादेच्याही खाली जातं. तिथे वरचा बॉल जॉइंट (आर्म आणि चाकाची बाजू जोडणारा गोळीचा सांधा) आणि सीव्ही जॉइंट (चाक फिरवणाऱ्या ॲक्सलचा वाकणारा सांधा) त्यांच्या कोनाच्या टोकाला पोचतात, काही गाड्यांत वरचा आर्म स्प्रिंगला टेकतो. उलट्या दिशेला, चाक पूर्ण वर गेलं की शॉकअप आधीच खाली सरकलेला असल्यामुळे रबरी स्टॉपर लागायच्या आत तो तळाला आपटू शकतो.

दुसरा प्रकार स्प्रिंगच्या वर, टोपीच्या आत बसतो आणि स्प्रिंगला आधीच दाबून ठेवतो. शॉकअपची लांबी तीच राहते, त्यामुळे सांधे सुखी. उंची मात्र सगळी ड्रूपमधून कापली जाते. गाडी 50 मिमी उचलली तर ड्रूप 50 मिमीने कमी. या प्रकारावर 'स्प्रिंग कडक झाली' असा आरोप होतो. साध्या, एकसारख्या वेटोळ्यांच्या स्प्रिंगचा कडकपणा स्पेसरने बदलत नाही. आपल्याला कडक वाटतो तो शॉकअप पूर्ण ताणून टोकाला आपटल्याचा गचका.

तीच ती 'टक'. शॉकअपच्या आतला दांडा वरच्या टोकाला ठोकर मारतो. बाहेरचा कुठलाही नट कितीही आवळा, तिला फरक पडत नाही. मध्येच ती गेल्यासारखी का वाटते? जॅकवरून उतरवल्यावर पहिले काही दिवस आपणच गाडी जपून चालवतो म्हणून.

पंधरा मिनिटांची मोजणी

सपाट जागेवर गाडी उभी करा. थोडी पुढे-मागे घ्या, पुढचा बंपर दोनदा दाबून सोडा, म्हणजे आर्मच्या रबरी बुशांत अडकलेला ताण निघून जातो. आता पुढच्या चाकाच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर घ्या. जमिनीपासून मोजू नका, टायरची हवा आणि झीज आकड्यात शिरते. दोन्ही बाजू लिहून ठेवा.

मग शासीखाली जॅक लावून पुढची दोन्ही चाकं हवेत घ्या आणि शासी स्टँडवर टेकवा. आर्मखाली जॅक लावलात तर चाक लोंबणारच नाही आणि मोजणी फुकट. दोन्ही चाकं एकदम उचलायची, कारण एकच उचललं तर अँटी-रोल बार (दोन्ही चाकांना जोडणारी, गाडी कलू न देणारी आडवी सळी) दुसऱ्या बाजूने त्याला वर ओढून धरतो. आता तेच अंतर पुन्हा मोजा. दोन आकड्यांतला फरक म्हणजे तुमच्याकडे शिल्लक असलेला ड्रूप.

माझ्या गाडीचे आकडे असे. किट बसवण्याआधी उभी असताना 502 मिमी, लोंबताना 592. म्हणजे 90 मिमी. किटनंतर उभी 563, लोंबताना 593. शिल्लक 30. साठ मिमी उंची मी विकत घेतली होती आणि साठ मिमी ड्रूप देऊन टाकला होता, हिशोब अगदी चोख. अशा गाडीने गतिरोधक जरा वेगात ओलांडला की चाक 30 मिमी लोंबून टोकाला आपटणारच.

माझा अंदाज असा की 50 मिमी शिल्लक असेल तर रोजच्या रस्त्यावर टक ऐकू येत नाही. 40 च्या खाली गेलात की ती येते, आणि 30 ला तर प्रवाशालाही कळते. हा नियम नाही, शॉकअपच्या रिबाउंडवर, म्हणजे लांबताना तो किती अडवून धरतो यावर, बरंच अवलंबून असतं. पण तुमचा आकडा तिशीत असेल तर इतर काही उघडायच्या आधी तिथेच थांबा.

एवढी उंची आली कुठून, हेही सांगतो, कारण ही चूक फार जणांकडून होते. मी आधी जाड तारेच्या स्प्रिंग घातल्या होत्या, ज्या लोखंडी बंपर आणि विंच यांचं वजन धरून बनवलेल्या असतात. बंपर पुढे कधीतरी घेऊ म्हणून राहूनच गेला. वजन नाही, त्यामुळे त्या स्प्रिंगनीच गाडी 40 मिमी वर धरली होती. त्यात 'अजून थोडं' म्हणून मी 10 मिमीचा आतला स्पेसर टाकला, त्याचे झाले 20. जाड स्प्रिंग आणि स्पेसर ही जोडी एकत्र करू नका. एकच काहीतरी निवडा, आणि स्प्रिंग निवडताना गाडीवर आज जे वजन आहे ते धरा, मनातलं नव्हे.

ड्रूप पुरेसा आहे, तरी आवाज येतोय

मग आवाज कधी येतो ते पाहा. टोकाला आपटल्याची टक गतिरोधक चढताना नाही, उतरल्यावर येते, बहुधा दोन्ही बाजूंनी एकदम, आणि वेग वाढला की वाढते. रांगत जाताना छोट्या खड्ड्यांवर एका बाजूने बारीक खडखड येत असेल तर लिंक रॉड. ब्रेक दाबताना एकदा टक आणि रिव्हर्स घेऊन थांबताना पुन्हा एकदा टक येत असेल तर खालच्या आर्मचा अलाइनमेंटचा कॅम बोल्ट ढिला आहे किंवा बॉल जॉइंट गेला आहे. ब्रेकच्या वेळचं हे दुखणं खरोखर धोक्याचं, गाडी तिथेच उभी करा. स्टेअरिंग पूर्ण वळवून ॲक्सिलरेटर दिल्यावर कटकट येते ती सीव्ही जॉइंटची.

जुन्या दाराच्या बिजागरीसारखं कुरकुरत असेल तर आर्मचे रबरी बुश पिळलेले असतात. याचं कारण जवळजवळ नेहमी एकच असतं: आर्मचे मोठे बोल्ट चाक हवेत लोंबत असतानाच आवळले. हे बुश फिरत नाहीत. रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटवलेलं असतं आणि पिळ घेऊन काम करतं. लोंबत्या स्थितीत आवळलं तर गाडी खाली उतरताच रबर कायमचा पिळलेला राहतो, गाडी थोडी जास्त उंच उभी राहते, गचके देते आणि काही महिन्यांत रबर फाटतो. उपाय फुकटचा आहे. चाकं जमिनीवर, गाडी तिच्या वजनावर उभी, आर्मचे बोल्ट ढिले करा, बंपर दाबून सोडा, आणि तिथल्या तिथे टॉर्क रेंचने पुन्हा आवळा. कॅम बोल्ट ढिला करण्यापूर्वी त्याच्या वॉशरवर आणि शासीवर रंगाची एक रेघ ओढून घ्या.

वरचा आर्म स्प्रिंगला लागतोय का, हे कळायला पोरांच्या खेळण्यातली क्ले उत्तम. आर्मच्या आतल्या बाजूला तिचा जाडसर थर लावा, एक फेरी मारून या, ठसा उमटला का बघा. उमटला असेल तर टोपीवरचा स्पेसर कमी जाडीचा घ्या किंवा जास्त कोन सहन करणारा वरचा आर्म घ्या. डिफरन्शियल खाली आणायचे ठोकळेही मिळतात. त्यांनी सीव्हीचा कोन थोडा सुधारतो, बॉल जॉइंटला आणि आर्मला काही उपयोग नाही. मी त्यावर खर्च केला नाही.

काही गाड्यांत पुढे कॉइलऐवजी टॉर्शन बार असतो, म्हणजे पिळ घेऊन स्प्रिंगचं काम करणारी लांब सळी. 2005 पूर्वीच्या बऱ्याच फोर बाय फोर हायलक्समध्ये होता, शेवरले सिल्व्हराडो 2500 एचडीमध्ये आहे. इथे किट म्हणजे वेगळ्या कोनात खाच असलेली 'की' (key, बारच्या टोकाला धरून ठेवणारा तुकडा), किंवा नुसता ॲडजस्टिंग बोल्ट आवळणं. तत्त्व तेच: बार कडक होत नाही, ड्रूप कमी होतो. फरक एवढाच की इथे खालच्या मर्यादेला वरच्या आर्मखाली रबरी स्टॉपर असतो, त्यामुळे तपासायला मोजपट्टीही लागत नाही. उभ्या गाडीत आर्म आणि त्या स्टॉपरमध्ये बोट जात नसेल तर बोल्ट सोडा. त्या बारमध्ये भरपूर ताण असतो, ती 'की' काढायला तिचं खास ओढायंत्रच वापरा.

पुढे अखंड ॲक्सल असलेल्या गाड्यांत, जसं रॅम 2500, स्पेसरची जाडी जवळजवळ तेवढीच उंची देते. तिथे आडवा ट्रॅक बार (ॲक्सलला शासीशी जोडणारी दांडी) ॲक्सलला एका बाजूला सरकवतो आणि स्टेअरिंग वाकडं होतं. ते वाकडेपण अलाइनमेंटवाल्याच्या माथी मारू नका.

पुन्हा उघडायचंच असेल तर

टोपीवरचा स्पेसर बसवताना टोपीच्या कडेचे तीन नट सोडायचे असतात. मधला मोठा नट अजिबात नाही. तो दाबलेल्या स्प्रिंगला धरून असतो, सुटला तर टोपी तोंडावर येते. आतला स्पेसर असेल तर स्प्रिंग दाबायचं यंत्र लागतंच. ते हाताने, दोन्ही बाजूंनी सारखं फिरवायचं, इम्पॅक्ट गनने नाही. यंत्र नसेल तर सुटा शॉकअप घेऊन वर्कशॉपला जा. यात कमीपणा नाही, मीही तेच केलं.

लिंक रॉड दोन्ही बाजूंचे एकदम सोडा, नाहीतर अँटी-रोल बार तुमच्याशी भांडत राहील. एबीएसची वायर आणि ब्रेकची नळी यांच्या क्लिपा आधी काढा. वरचा बॉल जॉइंट काट्याने फोडू नका, रबर फाटतं. नट दोन आटे ठेवून नकलच्या (बॉल जॉइंट ज्यात बसतो त्या लोखंडी भागाच्या) बाजूला हातोड्याचे दोन चांगले ठोके द्या, तो सुटतो. सुटल्यावर हब बाहेर कलंडू देऊ नका, तारेने बांधा, नाहीतर ॲक्सल आतल्या जॉइंटमधून निसटतो. जोडताना कॉटर पिनचं भोक जुळलं नाही तर नट पुढे आवळून जुळवा, मागे सोडून नाही. नायलॉनचे नट नवे घाला. टॉर्कचे आकडे गाडीच्या मॅन्युअलमधले. सगळं झाल्यावर चाकं लोंबत असतानाच स्टेअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून ब्रेकची नळी कुठे ताणते का बघा. हे लोक विसरतात.

पाचेकशे किलोमीटरनंतर एकदा सगळे बोल्ट टॉर्क रेंचने तपासा. ही एक फेरी रास्त आहे. त्यानंतर पुन्हा पुन्हा आवळावं लागत असेल तर दोष आवळण्यात नाही.

अलाइनमेंट आणि दिवे

अलाइनमेंट त्याच दिवशी. नाक वर गेलं की टो (चाकांची तोंडं आत-बाहेर किती वळली आहेत) बदलतो, कॅम्बर (चाकाच्या वरच्या टोकाचा झुकाव) सहसा बाहेर झुकतो, कॅस्टर (स्टेअरिंगच्या अक्षाचा मागे झुकाव) कमी होतो. टो चुकलेला राहिला तर टायर एका कडेने खातो आणि महिन्याभरात ते हाताला लागतं. कॅस्टर कमी झाल्याची खूण म्हणजे वळणानंतर स्टेअरिंग आपणहून सरळ येत नाही, मोठ्या रस्त्यावर गाडी हलकी, भरकटल्यासारखी वाटते. कॅम बोल्टने कॅम्बर आणि कॅस्टर दोन्ही साधायचे असतात आणि एका मर्यादेनंतर एकाला दिलं की दुसऱ्याचं जातं. कागदावर सगळे आकडे हिरवे दिसले तरी कॅस्टर किट बसवण्यापूर्वीच्या आकड्याशी ताडून पाहा. म्हणून अलाइनमेंटचा कागद किट बसवण्याआधीही एक काढून ठेवावा.

हेडलाइट विसरू नका. पुढून 50 मिमी उचललं आणि दोन ॲक्सलमधलं अंतर 3.1 मीटर धरलं तर गाडी जवळजवळ एक अंश मागे कलते. 25 मीटरवर प्रकाश सुमारे 40 सेंटीमीटर वर जातो. समोरून येणारा शिव्या देतो त्या यासाठी. भिंतीवर खुणा करून दिवे खाली घ्या. काचेमागे लेन बघणारा कॅमेरा असेल तर तोही नव्याने जुळवून घ्यावा लागतो.

हौद्यात नेहमी माल किंवा मागे ट्रेलर असेल तर गाडी पूर्ण सपाट करूच नका, मागे 15-20 मिमी उंच राहू द्या. नाहीतर भरल्यावर मागचं बूड बसेल आणि स्टेअरिंग हलकं होईल. मग लोक मागे एक जादा पाटा टाकतात. टाका, पण मागच्या ॲक्सलला लोड सेन्सिंग व्हॉल्व्हची दांडी असेल तर ती त्या उंचीला जुळवून घ्या. दांडीला गाडी उंच दिसली की तिला वाटतं हौदा रिकामा आहे, आणि ती मागचे ब्रेक कमी करते.

माझ्या गाडीचं पुढे असं झालं. आधी फक्त 10 मिमीचा स्पेसर काढला. उभी 543, ड्रूप 50. टक जवळजवळ गेली, फक्त मोठ्या खड्ड्यात यायची. मग स्प्रिंग बदलून कारखान्याच्या बंपरच्या वजनाच्या घेतल्या. आता उभी 532, ड्रूप 60. नाक अजून जरा खालीच आहे, पुढून-मागून दीड-दोन सेंटीमीटरचा फरक दिसतो. डाव्या बाजूने मात्र हल्ली रांगताना बारीक खडखड येते. ती त्या नव्या लिंक रॉडची. जुने टाकून दिले, याचं आता वाईट वाटतं.